सरपंचबाईंचं टमरेल

१

बेलखारच्या सरपंच सगुणा ठाकूर यांचे तीन फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडले, आणि त्या दिवसापासून गावाला दुसरा विषय उरला नाही. तिन्ही फोटो पाठमोरे. तिन्हींत बाई खाडीकाठच्या खाजणाच्या वाटेला लागलेल्या, आणि तिन्हींत उजव्या हातात टमरेल. खाली उपसरपंच कुलदीपने लिहिलं होतं, ‘घरात टाइल्सचा संडास आणि सरपंचबाई रानात! कायदा काय बोलतो?’

कायदा काय बोलतो ते अर्ध्या गावाला तेव्हाच कळलं. पंचायतीत निवडून आलेल्याच्या घरी संडास पाहिजे, आणि नुसता पाहिजे असं नाही, तो त्याने नेहमी वापरलाही पाहिजे. नाही वापरला तर माणूस अपात्र. खुर्ची गेली. कुलदीपने अलिबागला तक्रार ठोकली. चौकशीला विस्तार अधिकारी अष्टमीला येणार असा निरोप आला आणि सगुणाच्या सासरी चूल पेटेनाशी झाली. नवरा सुजित ट्रेलर घेऊन गुजरातेत. मग सगुणाने फोन लावला तो किहीमला, आपल्या मामाला.

हरेश्वरमामा म्हणजे कोर्टाचे निवृत्त बेलिफ. उभी हयात लोकांच्या दारात समन्स घेऊन उभे राहिले. ‘साहेब घरात नाहीत’ हे वाक्य त्यांनी इतक्या तोंडांनी ऐकलं होतं की माणूस खोटं बोलायच्या आधी त्यांना त्याचा वास यायचा. अशा माणसाला खुनाबिनाची भानगड दिली असती तर त्यांनी मांडी ठोकून सोडवली असती. पण हे प्रकरण! भाचीला विचारायचं तरी काय? ‘बाळ, तू संडासला कुठे जातेस?’ मामांनी चहाचा कप तीनदा उचलला नि तीनदा खाली ठेवला.

शेवटी सगुणाच म्हणाली, “मामा, तक्रार खोटी हाय. संडास मी रोज वापरते.”

“मग फोटो?”

“फोटो खरे हायत.”

“मग खाजणात जातेस कशाला?”

 सगुणाचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. “ते इचारू नका. सरपंचपद गेलं तरी चालंल. सांगनार न्हाय.”

२

मामांनी मग बेलिफाचं काम सुरू केलं. माणूस बोलत नसेल तर घराला विचारायचं.

ते संडासात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. सासूबाईंना वाटलं, पाहुण्यांना घरचं पाणी बाधलं. पण मामा आत कडी बघत होते. वापरात नसलेल्या दाराची कडी गंजते, बिजागरी कुरकुरते, कोपऱ्यात कोळी संसार थाटतो. इथे कडी बोटांनी घासून लख्ख झालेली, उंबऱ्यावरचा रंग पायांनी उडालेला, बादली ओली. हे दार रोज उघडत होतं, ह्यात संशय नाही. मामांना मोठं हायसं वाटलं. भाची खोटं बोलत नव्हती.

मागच्या पडवीत खुंटीला ते बदनाम टमरेल लटकत होतं. तेलाचा जुना चौकोनी डबा, वर तारेची कडी. मामांनी आजूबाजूला बघून घेतलं, नाक मुरडलं आणि आत डोकावलं. आतून डब्याला काठापर्यंत चिकणमातीचा थर चढला होता. वाळून तडकलेला. पाण्याच्या डब्यात तळाशी गाळ बसेल एक वेळ, पण गळ्यापर्यंत माती?

हा डबा पाणी न्यायला वापरतच नव्हते.

३

समोरच्या ओट्यावर मोरू मशेरी लावत बसायचा. गावातली वर्दळ मोजायचं काम त्याला कुणी दिलं नव्हतं, पण तो ते चोख करायचा.

“सगुणाला जाताना बघतोस का रे?” मामांनी विचारलं.

“बघतो म्हंजे? रोज! पन टायमाचा काय मेळ न्हाय हो. कवा झुंजुमुंजु, कवा चांगलं ऊन पडल्यावर, कवा भर दुपारची. मी तर बायकोला बोल्लो, सरपंचबायचं पोट काय थाऱ्यावर दिसत न्हाय.”

“तिकडे जाऊन करते काय, ते बघितलंस?”

मोरूने दोन्ही कान पकडले. “शिव शिव! काय इचारता मामा? टमरेल घेतलेल्या बायमानसाकडं कोन बघतो? डबा दिसला की मी तोंड फिरवतो. आमचं अख्खं गाव फिरवतो. हाक मारायची न्हाय, कुठं चालली इचारायचं न्हाय, मागं तर जायाचंच न्हाय. आपल्यात रीतच हाय ना ती.”

मामा जागच्या जागी थांबले. त्यांना म्हसळ्याचा एक बागाईतदार आठवला. जप्तीचा हुकूम घेऊन मामा त्याच्या दारात गेले की हा मागल्या दाराने टमरेल घेऊन निघायचा. टमरेल हातात असलेल्या माणसाला अडवून कागद कसा द्यायचा? मामा दरवेळी शरमेने तोंड वळवायचे आणि तो खुशाल आंब्याच्या राईत जाऊन विडी ओढत बसायचा. पार वर्षभर त्याने मामांना असा बनवला होता.

कुणी बघू नये, कुणी हाक मारू नये, कुणी मागे येऊ नये, असं ज्याला वाटतं त्याने काय करावं? टमरेल घ्यावं! सगुणाने डबा घेतला तो ह्याचसाठी. आणि कायद्याने तिला नेमकं त्याच डब्यासकट पकडलं होतं.

“पन एक बोलतो,” मोरूने आवाज खाली आणला. “मी न्हाय, लोक बोलतात. नवरा म्हैना म्हैना बाहेर. बांधावर कोनतरी तिची वाट बघत असतो म्हनं.”

मामा उठले आणि कुलदीपला शोधायला निघाले.

४

कुलदीप स्वतःच्या ट्रकच्या बॉनेटला टेकून उभा होता. मामांना बघून त्याने नमस्कार केला. माणूस तसा तोंडाचा गोड.

“मामा, पर्सनल काय न्हाय हां. रूल इज रूल. ती अपात्र झाली की चार्ज माझ्याकडं येतो, ती गोष्ट वेगळी.”

“ती गोष्ट वेगळी कशी? तीच तर गोष्ट आहे,” मामा म्हणाले. “फोटो दाखव बघू नीट.”

कुलदीपने फोन पुढे केला. मामांनी चष्मा वर ढकलला. पहिला फोटो पहाटेचा, सगळं निळंकाळं. दुसऱ्यात पिवळं कोवळं ऊन. तिसऱ्यात सावली पायाखाली. सगुणाची पाठ बघून मामांना वाईट वाटलं. पोरगी एका अंगाला कलली होती. डबा जड असणार. मग त्यांनी तिला सोडून तिच्या पलीकडे बघितलं. पलीकडे खाडी होती. पहिल्या फोटोत होड्या चिखलावर कलंडलेल्या. दुसऱ्यातही कलंडलेल्या. तिसऱ्यातही.

उजेड तीन तऱ्हेचा होता आणि खाडी तिन्ही वेळा एकाच तऱ्हेची.

“हिला बसलेली बघितलीस तू?” मामांनी विचारलं.

कुलदीपचा चेहरा पडला. “काय बोलता मामा! बायमानसाला? एवढा हलकट न्हाय मी. फोटो काढला नि वळलो.”

“तुझं शेत कुठं आहे रे?”

“उघाडीच्या बाजूलाच. ह्या साली भात बघा कसं आलंय! लोंबी हाताला पेलत न्हाय.”

उघाडी म्हणजे खारबांधाला ठेवलेलं पाण्याचं दार. ओहोटीला फळ्या काढायच्या, शेतातलं जादा पाणी खाडीत सोडायचं आणि भरती लागायच्या आत फळ्या पुन्हा बसवायच्या. विसरलं तर खारं पाणी आत शिरतं, मग दोन-तीन वर्षं त्या जमिनीत गवताशिवाय काही येत नाही. बेलखारच्या उघाडीवर पंचायतीने पगार देऊन भागोजी ठेवला होता. मामांचा जुना दोस्त. खाजणात कोण येतं जातं ते त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? मामा तडक बांधाजवळच्या त्याच्या घरी गेले.

भागोजी अंगणात बाजेवर बसला होता. मामांची हाक ऐकताच त्याचा चेहरा फुलला. “आरं हरेश्वर! ये, ये! किती वर्सांनी! काय पन म्हन, मिशी अजून झकास ठेवलीयस हां!”

मामांचा हात वरच्या ओठावर गेला. तिथे काही नव्हतं. मिशी निवृत्त झाल्याच्या दिवशीच उतरवली होती. त्यांनी हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात भागोजीची बायको रंगू आतून पाणी घेऊन धावत आली नि घाईघाईने म्हणाली, “मस्करी करतो हो म्हातारा. तुमी पानी घ्या. जवळा भाजलाय, खाल का भाकरीसंगं?”

मामांनी जवळा-भाकरी खाल्ली. भागोजी गप्पा मारत होता, पण त्याची नजर मामांच्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे जात होती. तांब्या द्यायला मामांनी हात पुढे केला तर तो तांब्या रंगूने घेतला.

“खाजणात सगुणा कुणाला भेटते, भागोजी?” मामांनी सरळच विचारलं.

रंगूच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली.

५

दुसऱ्या दिवशी सप्तमी. ओहोटी दुपारच्या तोंडाला. सगुणाने पडवीतून डबा उचलला आणि मामांनी आयुष्यात पहिल्यांदा ती रीत मोडली. टमरेलवाल्या माणसाच्या मागे गेले.

उघाडीशी कुणी वाट बघत नव्हतं. सगुणाने पदर खोचला, गुडघाभर चिखलात उतरली, सकाळी काढून ठेवलेली एकेक फळी खाचेत बसवली आणि डब्यातली चिकणमाती मुठीने काढून फटींत दाबू लागली. दाबताना तोंडाने स्वतःलाच शिव्या देत होती. मामा बांधावर उभे राहिले आणि त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला. काय काय शंका घेतली होती पोरीवर! त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“माती घरून आणतेस?” ते वरून म्हणाले.

सगुणा दचकून चिखलात बसलीच. मग मामांना बघून रडू लागली, रडता रडता हसली. “बांधाची माती काढली तर बांध खचतो. म्हनून परसातली आनते. मामा, तुमी कशापायी आलाव?”

“भागोजीला दिसत नाही. कधीपासून?”

“शिमग्यापासून. डोळ्यांचं पानी झालंय, उशीर झाला बोलतात डॉक्टर. रंगूकाकी माज्या पाया पडली. बोल्ली, गावाला कळलं तर ह्याला काढतील. चाळीस वर्सं उघाडी सांबाळली, ती काढून घेतली तर म्हातारा जगनार न्हाय. रातची ओहोटी काकी बघते. रातभर चिखलात उभी ऱ्हायली की दिवसा तिचे गुडघे चालत न्हायत, मग दिवसाची मी बघते.”

“मग हे चौकशीत सांगायला काय झालं? पुण्याचंच काम आहे.”

सगुणाने डोळे पुसले, तर चिखल गालाला लागला. “निवडून आल्यावर अलिबागला ट्रेनिंगला नेलं ना आमाला. तिथं इतकी कलमं ऐकवली, इतकी कलमं ऐकवली, की घरी येताना वाटलं श्वास घेतला तरी अपात्र! पंचायतीच्या कामात सदस्याचा हात असला तरी अपात्र बोल्ले. ही उघाडी पंचायतीचीच ना? उघाडीचं सांगितलं तर हे कलम, न्हाय सांगितलं तर ते संडासाचं कलम. दोन्हीकडून मीच जाते. मग भागोजीकाकाला कशाला बुडवू? मामा, आईची आन हाय, कुनाला सांगू नका.”

मामांनी शब्द दिला. परत येताना त्यांच्या डोक्यात चक्र चालू होतं. दिलेला शब्द मोडायचा नाही, हे त्यांच्या रक्तातच होतं. पण भाचीला अशी हकनाक जाऊ द्यायचं, हेही त्यांच्याने होणार नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी विस्तार अधिकारी प्राप्तीमॅडमना फोन लावला. “मॅडम, सकाळी आमच्या गावात सगळे कामात असतात. चौकशी भर दुपारी ठेवाल का? आणि एक विनंती. गावातली एकूण एक माणसं हजर असू देत. अगदी उघाडीवरच्या भागोजीलासुद्धा बोलवा.”

६

पंचायतीच्या हॉलमध्ये पंखा फिरत होता आणि माणसांना घाम फुटला होता. प्राप्तीमॅडम तिशीच्या, चटपटीत, खुर्चीत ताठ. त्यांनी आधीच जाऊन संडास पाहिला होता.

“शौचालय आहे, चालू आहे,” त्या म्हणाल्या. “प्रश्न वापराचा. तक्रारदार, तुम्ही काय पाहिलंत?”

कुलदीपने फोटो दाखवले. मामा उठले. “मॅडम, ह्यात बाई चालताना दिसते. चालण्याला मनाई नाही. कुलदीप, तू पुढचं काही बघितलंस? मोरू, तू? कुणी बघितलं असेल त्याने हात वर करावा.”

एक हात वर गेला नाही. बायका पदरात हसू लागल्या.

“बरोबर. डबा दिसला की आपण सगळे तोंड फिरवतो. मग साक्षीदार येणार कुठून?”

“ओके, मान्य!” कुलदीप उसळला. “पन मग बाईंनीच सांगावं ना, डबा घेऊन रोज जातात कुठं? एवढं सिंपल हाय!”

सगळे सगुणाकडे वळले. सगुणाचं मात्र कुणाकडे लक्ष नव्हतं. ती खिडकीतून खाडीकडे बघत होती. मघाशी चिखलावर कलंडलेली होडी आता जराशी सरळ झाली होती.

“सरपंचबाई, उत्तर द्या,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, मी… मी जरा जाऊन येऊ?”

हॉलभर खसखस पिकली. मोरू म्हणाला, “बघा! बघा! पोटच!”

“चौकशी चालू असताना जाता येणार नाही. उत्तर दिलं नाहीत तर मला तसं लिहावं लागेल.”

सगुणाने मामांकडे बघितलं. मामांनी छताकडे बघितलं. खिडकीबाहेर होडी हलली, तरंगली. आणि सगुणा खुर्ची पाडून उभी राहिली.

“लिवा काय लिवायचं ते! पानी फिरलं, उघाडी उघडी हाय!”

“भागोजी हाय की उघाडीला…” कुलदीप म्हणाला नि थांबला. भागोजी समोर बाकावर बसला होता, काठीवर हनुवटी टेकून.

“त्याला दिसत न्हाय रे! म्हैने झाले. मी लावते फळ्या रोज. तुजंच शेत पयलं बुडंल, मेल्या, पळ!”

 मग कुलदीपने अशी धाव घेतली की त्याची एक चप्पल मॅडमच्या टेबलाखाली राहिली. त्याच्यामागे सगुणा, तिच्यामागे अख्खं गाव. बांधावर पोचेपर्यंत पाणी उघाडीच्या तोंडाशी आलं होतं. कुलदीप पँटसकट आत उतरला. फळी उलटी लावली, सगुणाने त्याच्या हातातून हिसकावून सुलटी केली, आणि माती आणली नव्हती म्हणून बायकांनी कुणाच्या तरी परसातून पदरात भरभरून आणली.

मॅडमही आल्या, सलवार वर धरून. “तक्रारदार, तुमची तक्रार…”

“कसली तक्रार हो?” कुलदीप खालून ओरडला. “ती फळी द्या आधी इकडं!”

मॅडमनी फळी दिली.

दार बंद झालं. बाहेरचं पाणी बाहेर राहिलं. सगळे धापा टाकत बांधावर टेकले, तेव्हा रंगूने नवऱ्याला हाताला धरून आणलं. ती रडत होती. “सगुणे, माजं चुकलं गं. तुला फशी पाडली.”

भागोजी मात्र खो-खो हसत सुटला. “आगं, मला काय म्हायत न्हाय व्हय? डोळे गेले, कान न्हाय गेले. फळी बसवताना शिव्या देते ती सगुणाच. मी गप ऱ्हायलो ते तुज्यासाठी, रंगू. तुला वाटत हुतं मी जगनार न्हाय. मला तर कवाची सोडायची हुती ही उघाडी! सुटलो बाबा एकदाचा.”

 रंगूने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि गाव इतकं हसलं की बांधावरचे बगळे उडाले.

सगुणा मॅडमसमोर हात जोडून उभी राहिली.  “मॅडम, पंचायतीच्या कामात मी हात घातला. आता मी त्या दुसऱ्या कलमात बसते ना?”

“ह्या कामाचे पैसे घेतलेत?”

“न्हाय हो, देवाशपथ.”

“ठेका घेतलात? घरच्या कुणाला दिलात? नाही ना? कायदा हिस्सा घेणाऱ्याला अपात्र करतो, बाई. चिखलात उतरणाऱ्याला अपात्र करायचं कलम अजून कुणी काढलेलं नाही. दोन्हीकडून तुम्ही पात्र आहात. मात्र पगार भागोजींच्या नावाने आणि काम दुसऱ्याने, हे पुढे चालणार नाही. ग्रामसभा बोलवा आणि नीट माणूस नेमा.”

“माणूस कशाला? पाळी लावू,” कुलदीप चिखलातून म्हणाला. त्याने मान वर केली नाही. “पयला आठवडा माझा. आणि बाई… ते फोटो मी काढून टाकतो ग्रुपवरनं. सॉरी.”

“आधी वर ये,” सगुणा म्हणाली, आणि त्याला हात दिला.

७

घरी येताच सगुणा मामांवर तुटून पडली. “चौकशी ओहोटीला तुमीच ठेवायला लावलीव ना? मला मॅडमनी सांगितलं! आन घातली हुती मी तुमाला!”

“मी कुणाला अवाक्षर सांगितलं? सांगितलंस ते तू.”

“आनि पानी शेतात शिरलं असतं तर?”

“अगं, आज अष्टमी. भांगाची भरती, तिच्यात दम कितीसा? दोन बोटं पाणी आलं असतं, ते आपण उपसलं असतं. अमावास्येच्या उधाणाला मी असला खेळ केला असता काय? तेवढी अक्कल आहे म्हाताऱ्याला.”

सगुणाने काही तरी तिखट बोलायला तोंड उघडलं, पण तिला एकदम हसूच आलं. मग ती मामांच्या गळ्यात पडली आणि लहानपणी रडायची तशी मोठ्याने रडली. सासूबाईंनी कित्येक दिवसांनी चुलीवर कोलंबीचं कालवण ठेवलं. सुजितचा गुजरातेतून फोन आला, त्याला अर्धी गोष्ट मोरूने आधीच कळवली होती, आणि तीही उलटीपालटी.

दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आलं, गुरं सुटली, मोरूची मशेरी लावून झाली, तरी सरपंचबाई उठल्या नव्हत्या. मोरूने ओट्यावरून बोंब मारली, “काय मामा, सरपंचबाई आज दिसल्या न्हायत?”

मामांनी ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोल रे. शिमग्यापासून पहिल्यांदा झोपलीय ती.”